प्रवाळभित्तीवरील माशांचे डिंभ प्रवाहाबरोबर कोठे पोहोचतात, याचा अंदाज कसा बांधावा

प्रवाळभित्तीवर राहणारे बहुतेक मासे एकदा मोठे झाले की आपला ठिकाणा फारसा सोडत नाहीत. लहान डॅमसेलफिश तर काही मीटरच्या परिसरातच आयुष्य काढतात. त्यांचा खरा प्रवास होतो तो जन्मानंतर लगेच, जेव्हा काही मिलिमीटर लांबीचे आणि जवळजवळ पारदर्शक असे डिंभ, म्हणजेच लार्व्हा, भित्तीपासून दूर उघड्या पाण्यात प्लवकांबरोबर, म्हणजे प्रवाहाबरोबर तरंगणाऱ्या बारीक जीवांबरोबर, वाढत असतात. एका भित्तीवरचे मासे दुसऱ्या भित्तीला पिल्लांचा पुरवठा करतात की नाही, एका ठिकाणी मासेमारी थांबवल्याचा लाभ शेजारच्या ठिकाणाला मिळतो की नाही, हे याच काळात ठरते. या पुरवठ्याचा भरवशाचा अंदाज कसा बांधावा, ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. या कामाला प्रवाहांची आकडेवारी, थोडे संगणकीय गणित आणि त्या विशिष्ट माशाच्या जीवनक्रमाची माहिती अशा तीन गोष्टी लागतात. त्यांपैकी तिसरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते फसलेल्या बहुतेक अंदाजांचे मूळ तेथेच असते.

प्रश्न आधी नेमका करावा

या भित्तीवर जन्मलेले डिंभ कोठे जातात, आणि या भित्तीवर येणारी पिल्ले कोठून येतात, हे दोन प्रश्न वरवर सारखे वाटले तरी त्यांची उत्तरे वेगळी असतात. पहिल्यासाठी एका उगमापासून सुटलेल्या डिंभांचा माग काढणे पुरते. दुसऱ्यासाठी परिसरातल्या सगळ्या संभाव्य उगमांचा हिशेब मांडावा लागतो, कारण एखादा उगम नजरेतून सुटला तर उरलेल्यांचा वाटा आपोआप फुगून दिसतो.

किती पुरवठ्याला पुरवठा म्हणायचे, हेही सुरुवातीलाच ठरवावे. दोन समूहांची जनुके मिसळत राहण्यासाठी एका पिढीत अगदी मोजके डिंभ पोहोचले तरी भागते; पण मासेमारीने विरळ झालेली भित्ती पुन्हा भरून यायची असेल, तर दरवर्षी भरघोस संख्येने पिल्ले यावी लागतात. म्हणून जनुकीय अभ्यासात दोन भित्ती एकसारख्या दिसल्या, एवढ्यावरून त्या एकमेकींना पोसतात असे म्हणता येत नाही. आक्रमक जातींच्या बाबतीत मात्र क्वचित घडणारी दूरची मजलच महत्त्वाची ठरते. हिंद आणि प्रशांत महासागरांतला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पहिल्यांदा नोंदवला गेला आणि पुढच्या काही दशकांत तो कॅरिबियन समुद्रभर पसरला. त्याचे डिंभ साधारण २६ दिवस पाण्यात तरंगतात, आणि एवढ्या काळात अधूनमधून घडलेल्या लांबच्या उड्या त्याला पुरेशा झाल्या.

माशाचे वेळापत्रक मांडावे

प्रवाहांच्या नकाशाला हात लावण्यापूर्वी निवडलेल्या जातीचे वेळापत्रक एका कागदावर लिहून काढावे: मासा अंडी कोठे, कोणत्या महिन्यांत, चंद्राच्या कोणत्या तिथीला आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घालतो, अंडी फुटायला किती वेळ लागतो, डिंभ किती दिवस उघड्या पाण्यात राहतात, आणि त्यानंतर ते कोणत्या अधिवासात स्थिरावतात.

अंडी घालण्याच्या पद्धतीतच मोठा फरक असतो. डॅमसेलफिश, क्लाउनफिश, गोबी आणि ब्लेनी हे मासे तळावर अंडी चिकटवून त्यांची राखण करतात, त्यामुळे त्यांचे डिंभ बाहेर पडताना थोडे अधिक वाढलेले असतात. ग्रुपर, स्नॅपर, पॅरटफिश, रॅस आणि सर्जनफिश अंडी थेट पाण्यात सोडतात. ती तरंगतात आणि पहिल्या तासापासूनच प्रवाहाच्या स्वाधीन होतात. नासाउ ग्रुपर तर हिवाळ्यातल्या पौर्णिमांच्या सुमारास भित्तीच्या कडेला ठरावीक जागी मोठ्या संख्येने जमतो आणि सूर्यास्ताच्या वेळी अंडी सोडतो. अशा जातीसाठी वर्षाच्या सरासरी प्रवाहाचा काहीएक उपयोग नाही. त्या दोन-चार रात्रींचा प्रवाहच पाहावा लागतो. उलट, स्पायनी डॅमसेलफिश या जातीला तरंगती डिंभावस्था नसतेच, आईबापच पिल्लांना भित्तीवर सांभाळतात. तेव्हा निवडलेल्या जातीला हा हिशेब मुळात लागू पडतो का, एवढेही आधी पाहून घ्यावे.

डिंभावस्था किती दिवसांची, हे कर्णाश्मावरून कळते. माशाच्या कानातल्या या चुनखडीच्या बारीक खड्यावर रोज एक थर चढतो, ही गोष्ट जॉर्जिओ पॅनेला यांनी १९७१ मध्ये दाखवून दिली. मासा भित्तीवर स्थिरावताना बऱ्याच जातींत थरांची ठेवण बदलते, म्हणून केंद्रापासून त्या खुणेपर्यंतचे थर मोजले की पाण्यात घालवलेले दिवस मिळतात. नारिंगी क्लाउनफिशच्या बाबतीत हा आकडा सुमारे ११ दिवसांचा आहे, बऱ्याच डॅमसेलफिशांत तो दोन ते चार आठवड्यांचा असतो, तर काही सर्जनफिश आणि रॅस दीड-दोन महिने पाण्यात राहतात. येथे केवळ सरासरी घेऊन थांबू नये. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दिवसही नोंदवावेत, कारण डिंभाला स्थिरावण्याची क्षमता ज्या दिवशी येते तेथपासून ती संपेपर्यंतचा संपूर्ण काळ पुढे गणितात लागतो. पाणी उबदार असेल तर वाढ वेगाने होऊन हा काळ आखडतो. म्हणून थंड प्रदेशात मोजलेला आकडा उष्ण प्रदेशाला जसाच्या तसा लावू नये.

प्रवाहाचा हिशेब

संगणक सुरू करण्यापूर्वी हातानेच एक ढोबळ गणित करावे. सेकंदाला १० सेंटिमीटर हा वेग समुद्राच्या दृष्टीने किरकोळ आहे, पण त्या वेगाने पाणी दिवसाला साधारण ८.६ किलोमीटर आणि ३० दिवसांत सुमारे २६० किलोमीटर सरकते. ही झाली कमाल मर्यादा, आणि ती पूर्णतः एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहासाठी खरी. प्रत्यक्षात प्रवाह वळतो, उलटतो, भोवऱ्यात अडकतो. त्यामुळे डिंभ उगमापासून याच्या एका छोट्या अंशाइतकेच दूर जातात. तरीही अभ्यासाचा परिसर किती मोठा घ्यावा, हे ठरवायला हा आकडा उपयोगी पडतो.

भरती-ओहोटीचा वेग डोळ्यांत भरतो, पण त्यातून निव्वळ वाहतूक बहुधा थोडीच होते. भरतीच्या प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला अर्धा मीटर असला, तर सुमारे १२.४ तासांच्या चक्रात पाणी एका दिशेला जवळपास ७ किलोमीटर जाऊन परत येते. म्हणजे भरती-ओहोटीने डिंभ झोपाळ्यासारखा पुढे-मागे हलतो, आणि त्या हालचालीतून उरणारा थोडासा कल हीच खरी वाहतूक. मात्र अरुंद खाडीमुखात किंवा भित्तीतल्या फटींत हे चक्र सममित राहत नाही, आणि उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, दिवशी ओहोटीबरोबर बाहेर फेकले गेलेले पाणी पुढच्या भरतीला तसेच्या तसे आत येत नाही. अंडी उधाणाला सुटतात की भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, हा प्रश्न वेळापत्रकात का हवा, त्याचे कारण हेच.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. वारा पृष्ठभागाचे पाणी ढकलतो खरा, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे त्या थराची एकूण वाहतूक उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे काटकोनात होते. हे गणित सागरशास्त्रज्ञ एकमान यांनी १९०५ मध्ये मांडले. त्यामुळे किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा वरच्या थरातले डिंभ समुद्राकडे नेऊ शकतो, आणि त्याच वेळी खालच्या थरातले पाणी किनाऱ्याकडे येत असते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ मात्र हा नियम लागू पडत नाही, तेथे पाणी बरेचसे वाऱ्याच्याच दिशेने जाते.

बेटांच्या आडोशाला तयार होणारे भोवरे हा या विषयातला सर्वांत रंजक आणि सर्वांत अडचणीचा भाग आहे. बेटाला वळसा घालून गेलेला प्रवाह मागच्या बाजूला फिरू लागतो आणि त्यात सापडलेले डिंभ कित्येक दिवस त्याच परिसरात घुटमळतात. दाट भित्तींच्या समूहाशी आलेला प्रवाह पुष्कळदा आत शिरण्याऐवजी बाजूने निघून जातो, त्यामुळे आतले पाणी संथ राहते. अशा ठिकाणी जगभरच्या महासागरांसाठी उपलब्ध असलेली प्रवाहांची आकडेवारी तोकडी पडते. हायकॉम किंवा कोपर्निकस सागरी सेवेची जागतिक मॉडेल, म्हणजे समुद्राचे प्रवाह संगणकावर मांडणारी गणिते, साधारणपणे अंशाच्या बाराव्या भागाच्या चौकटीवर, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे ९ किलोमीटरच्या अंतराने प्रवाह देतात. त्यात दोनशे मीटर रुंदीची फट किंवा एक किलोमीटरचे बेट दिसतच नाही. उघड्या समुद्रातल्या वाहतुकीसाठी ही आकडेवारी चांगली आहे. भित्तीजवळच्या पहिल्या आणि शेवटच्या काही दिवसांसाठी मात्र त्या परिसराचे बारीक चौकटीचे मॉडेल त्यात बसवावे. ते शक्य नसेल तर निदान अहवालात ही मर्यादा स्पष्ट लिहावी आणि वीस किलोमीटरच्या आतल्या निष्कर्षांवर भर देऊ नये.

मॉडेलचा प्रवाह खरा आहे का, हे तरंगत्या बोयांवरून तपासता येते. जागतिक ड्रिफ्टर कार्यक्रमातल्या बोयांना साधारण १५ मीटर खोलीवर कापडी नांगर लावलेला असतो, त्यामुळे त्या वाऱ्यापेक्षा पाण्याबरोबर जातात. नांगर तुटलेल्या बोयेची नोंद वेगळी काढावी, कारण तिच्या मार्गात वाऱ्याचा वाटा मोठा असतो.

डिंभ म्हणजे निर्जीव कण नव्हे

बराच काळ डिंभांना पाण्याबरोबर निमूट वाहणारे कण मानले गेले. ही समजूत पहिल्या काही दिवसांपुरती ठीक आहे. नंतर ती टिकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पाणबुड्यांनी मोठ्या झालेल्या डिंभांच्या मागे पोहून त्यांचा वेग मोजला, तेव्हा तो सरासरी सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपास भरला, म्हणजे तेथील पुष्कळ प्रवाहांच्या तोडीस तोड. प्रयोगशाळेतल्या वाहत्या पाण्यात, खाद्य आणि विश्रांती न देता, काही कुळांच्या डिंभांनी ९० किलोमीटरहून अधिक अंतराइतके पोहून दाखवले. एवढी ताकद असलेला जीव भित्तीच्या जवळून जात असेल, तर तो प्रवाहाच्या मर्जीवर राहत नाही.

दिशा कशी कळते, याचीही उत्तरे मिळत गेली आहेत. ग्रेट बॅरियर रीफवरच्याच लिझार्ड बेटाजवळ लहान कृत्रिम भित्ती रचून त्यांपैकी काहींवर कोळंब्या आणि माशांचा ध्वनिमुद्रित आवाज रात्री वाजवला, तेव्हा आवाजाच्या भित्तीवर जास्त पिल्ले स्थिरावली. हा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्याच रीफवरच्या वन ट्री बेटाजवळच्या अभ्यासात कार्डिनलफिशचे डिंभ आपल्या भित्तीच्या पाण्याचा वास ओळखून तिकडे वळतात, असे दिसले.

गणितात याहून मोठा फरक पडतो तो खोलीमुळे. वरच्या आणि खालच्या थरांतले प्रवाह वेगवेगळ्या वेगाने, कधी परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात. त्यामुळे डिंभ ४० मीटर खाली उतरला, एवढ्यानेच त्याचे गंतव्य बदलू शकते, आणि त्यासाठी त्याला प्रवाहाविरुद्ध पोहावेही लागत नाही. बार्बेडोसजवळ बायकलर डॅमसेलफिशच्या डिंभांचा थर वयाबरोबर खाली उतरतो आणि त्यामुळे ते बेटाजवळ टिकून राहतात, हे पॅरिस आणि कोवेन या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. म्हणून मॉडेलमध्ये वयानुसार खोली बदलण्याची सोय ठेवावी. आपल्या जातीची खोलीची माहिती नसेल, तर जवळच्या जातीवरून घ्यावी आणि वर्तन धरून व न धरून अशी दोन्ही गणिते करावीत. या दोहोंतले अंतर हेच आपल्या अज्ञानाचे सर्वांत प्रामाणिक माप असते.

गंतव्याचा नकाशा

मॉडेलमध्ये डिंभ कोठे स्थिरावू शकतो, हे नकाशावर आखून द्यावे लागते, आणि येथे प्रवाळभित्ती तेवढी रंगवून मोकळे होण्याची चूक फार सर्रास दिसते. अनेक स्नॅपर आणि ग्रंट जातींची पिल्ले प्रथम सागरी गवतात किंवा खारफुटीच्या मुळांत स्थिरावतात आणि वाढल्यावर भित्तीकडे जातात. कॅरिबियन समुद्रात खारफुटीजवळच्या भित्तींवर अशा काही जातींचे वजन दुपटीहून अधिक आढळल्याचे २००४ मधल्या एका अभ्यासात दिसले. अशा जातींसाठी गंतव्य म्हणजे गवताचा पट्टा किंवा खारफुटी, आणि तेथून भित्तीपर्यंतचा पल्ला हा वेगळा, पोहून केलेला टप्पा म्हणून मांडावा. प्रत्येक गंतव्याभोवती एक वर्तुळ आखून, डिंभ योग्य वयात त्यात आला की तो पोहोचला असे धरतात. या वर्तुळाची त्रिज्या डिंभाच्या पोहण्याच्या क्षमतेवरून ठरवावी. ती मोठी घेतली तर सगळ्याच भित्ती एकमेकींशी जोडलेल्या दिसतात, आणि नकाशा सुंदर पण निरुपयोगी होतो.

कण सोडणे

गणनेत प्रत्येक डिंभाच्या जागी एक आभासी कण धरून तो प्रवाहात सोडतात. प्रत्यक्ष गणनेसाठी ओपनड्रिफ्ट, पार्सल्स, इक्थिओप आणि कनेक्टिव्हिटी मॉडेलिंग सिस्टिम ही साधने उपलब्ध आहेत. शेवटची दोन डिंभांचाच विचार करून बनवलेली आहेत. पहिली दोन अधिक सर्वसाधारण असून त्यांत वर्तनाचे नियम स्वतः लिहावे लागतात. कोणतेही निवडले तरी काही पथ्ये सारखीच आहेत. गणनेचा काळ-टप्पा इतका लहान असावा की एका टप्प्यात कण एक संपूर्ण चौकट ओलांडणार नाही. प्रवाहाच्या आकडेवारीत न दिसणाऱ्या बारीक खळबळीसाठी प्रत्येक टप्प्याला थोडी यादृच्छिक हालचाल द्यावी. कणांची संख्या दुप्पट करूनही निकाल बदलत नाही, तेथपर्यंत ती वाढवत न्यावी. प्रत्येक उगमातून सोडलेले कण तेथील प्रजननक्षम माशांच्या प्रमाणात मोजावेत, कारण मोठ्या माद्या भरमसाट अंडी घालतात आणि ओस पडलेली भित्ती नकाशावर कितीही मोठी असली तरी ती पुरवठा करत नाही. शिवाय एका वर्षावर विसंबू नये. सलग अनेक वर्षांच्या विणीच्या हंगामांत, ठरलेल्या तिथींना, कण सोडावेत.

मृत्युदराचा आकडा सर्वांत नाजूक. दररोज ०.२ या दराने डिंभ मरत असतील, तर ३० दिवसांनी ४०० मागे एक उरतो. तोच दर ०.१ धरला तर शंभरात पाच उरतात. गृहीतकातल्या एवढ्याशा बदलाने निकाल वीस पट हलतो. याचा परिणाम जवळच्या आणि दूरच्या पुरवठ्यावर सारखा होत नाही: मृत्युदर जितका जास्त, तितके लवकर पोहोचणारे डिंभ वरचढ ठरतात आणि दूरचे दुवे विरून जातात.

कोष्टक वाचताना

गणनेच्या शेवटी एक चौकोनी कोष्टक हाती येते. ओळींत उगम, स्तंभांत गंतव्ये, आणि प्रत्येक घरात एका उगमाहून त्या गंतव्याला पोहोचलेल्या डिंभांची संख्या. कर्णावरची, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेवरची, घरे म्हणजे जन्मस्थानीच परतलेले डिंभ, आणि गोंधळ होतो तो येथे. समजा, एका भित्तीवरून १०,००० कण सुटले आणि त्यांतले २०० तेथेच परतले. म्हणजे उत्पादनाच्या २ टक्के डिंभ घरी राहिले. पण त्या भित्तीवर सगळीकडून मिळून २५० च डिंभ आले असतील, तर तेथील पिल्लांत घरच्यांचे प्रमाण ८० टक्के होते. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. भित्ती स्वतःच्या बळावर टिकेल का, हे पहिल्या आकड्यावरून पाहायचे. दुसरा मोठा असण्याचे कारण कधीकधी एवढेच असते की बाहेरून कोणी येत नाही.

प्रत्यक्षाशी ताडून पाहावे

मॉडेलचे कोष्टक हा अंदाज आहे. तो समुद्रातल्या पुराव्याशी जुळवल्याशिवाय कोणापुढे ठेवू नये. १९९० च्या दशकात लिझार्ड बेटाजवळ डॅमसेलफिशच्या एक कोटीहून अधिक भ्रूणांच्या कर्णाश्मांवर टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने खूण केली गेली आणि नंतर प्रकाश-सापळ्यांत पकडलेल्या ५,००० पिल्लांपैकी १५ जणांत ती खूण सापडली. सगळ्याच भ्रूणांवर खूण झालेली नसल्याने, हिशेब करता त्या पिल्लांत घरी परतलेल्यांचे प्रमाण १५ ते ६० टक्के निघाले. पापुआ न्यू गिनीतल्या किंबे बेटावर माद्यांना बेरियमचे विशिष्ट समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार, टोचून त्यांच्या पिल्लांत ते शोधले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातले निष्कर्ष मला या सगळ्या विषयात सर्वांत बोधक वाटतात: ११ दिवस तरंगणारा क्लाउनफिश आणि सुमारे ३८ दिवस तरंगणारा व्हॅगबाँड बटरफ्लायफिश, या दोहोंतही त्या छोट्याशा भित्तीवर स्थिरावलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के तेथेच जन्मलेली होती. दिवस तिप्पट झाले, पण घरच्या पिल्लांचा वाटा कमी झाला नाही. आपले मॉडेल केवळ दिवसांच्या संख्येवरून अंतर वाढवत नेत असेल, तर त्यात वर्तन किंवा भित्तीजवळचे संथ पाणी नीट उतरलेले नाही, असे समजावे.

आज अशी पडताळणी बहुधा डीएनएवरून होते. प्रौढ माशांच्या पराचा बारीक तुकडा घेऊन त्यांची नोंद ठेवतात आणि नव्याने आलेल्या पिल्लांचे आईबाप त्या नोंदींत शोधतात. हवाईमध्ये पिवळ्या टँग माशाची आई किंवा बाप आणि पिल्लू अशी जोडी १८४ किलोमीटरच्या अंतरावर सापडली; किंबेच्या परिसरात क्लाउनफिशची पिल्ले ३५ किलोमीटरपर्यंत गेलेली आढळली. हे निकाल वापरताना एक पथ्य पाळावे: ज्या भित्तीवर नमुने घेतलेच नाहीत, तेथे पोहोचलेली पिल्ले या पद्धतीत दिसत नाहीत, त्यामुळे मॉडेलच्या कोष्टकातूनही फक्त नमुने घेतलेल्या भित्तींचीच घरे वेगळी काढून तुलना करावी.

असे ताडून पाहिलेले कोष्टक संरक्षित क्षेत्रांच्या आखणीत थेट वापरता येते. ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण भागातल्या केपेल बेटांवर कोरल ट्राउट आणि स्ट्राइपी स्नॅपर या दोन जातींच्या पिल्लांचे डीएनए तपासले गेले, तेव्हा परिसराच्या केवळ २८ टक्के भित्तीवर पसरलेल्या राखीव क्षेत्रांतून ३० किलोमीटरच्या टापूतली जवळपास निम्मी पिल्ले आल्याचे २०१२ मध्ये दिसून आले, आणि त्यांतली पुष्कळशी मासेमारीला खुल्या असलेल्या भित्तींवर स्थिरावली होती. आपल्या कोष्टकातून राखीव क्षेत्र निवडताना, म्हणूनच, प्रत्येक उगमाच्या ओळीतल्या बाहेर जाणाऱ्या पुरवठ्याची बेरीज करावी, ती निरनिराळ्या वर्षांच्या कोष्टकांत टिकते का ते पाहावे, आणि ज्या भित्ती वाईट वर्षांतही शेजाऱ्यांना डिंभ पाठवत राहतात त्यांची नावे यादीत सर्वांत वर लिहावीत.